कंपनीचा मेल आला, आता?

मैत्रिणींनो, आमच्या गटाच्या मेलवर एका मोठ्या कंपनीच्या नावानं पत्र आलं. २०० किलो लोणच्याची ऑर्डर! लोगो, सही-शिक्का, सगळं. फक्त नोंदणीचे २,५०० रुपये आज संध्याकाळपर्यंत भरायचे. आम्ही हरखलोच. माल घेणारा उलट आपल्याकडंच पैसे मागतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

सचिवताई म्हणाल्या, "नाव काहीही टाकता येतं गं, पाठवणाऱ्याचा पत्ता उघड." ॲटच्या चिन्हापुढं कंपनीचं नाव नव्हतं, साधं जीमेल होतं. कधी कंपनीचं नावही असतं, पण एखादं अक्षर इकडंतिकडं केलेलं. घाईत दिसत नाही. म्हणून मेलमधल्या नंबरावर फोन करायचाच नाही. तो त्यांचाच माणूस उचलणार. दुकानातून त्या कंपनीचा पुडा आणा, त्यावर ग्राहक सेवेचा नंबर छापलेला असतो. आम्ही तिथं विचारलं. अशी ऑर्डर त्यांनी दिलीच नव्हती.

आणि पैसे गेलेच असतील, तर गट काय म्हणेल म्हणून गप्प बसू नका. लगेच १९३० ला फोन लावा, बँकेलाही कळवा. रक्कम पुढं काढली जायच्या आत कळलं, तर ती अडवता येते.