धूळपाटी आणि पुरावा



पंतोजींच्या शाळेत मुलाच्या हाती पहिल्याच दिवशी बोरू आणि शाई देत नसत. लाकडाच्या पाटीवर बारीक धूळ पसरायची, तीत बोटाने अक्षर गिरवायचे, चुकले की पाटी हलवायची आणि पुन्हा गिरवायचे. ही धूळपाटी. पंतोजींच्या हातात छडी असे खरी; पण धुळीत झालेली चूक मागे उरत नसे.

हा जुना शब्द आज एका अगदी नव्या जागी पुन्हा वापरात आला आहे. ती जागा म्हणजे मराठी विकिपीडिया. तेथे नव्याने लिहू लागणाऱ्याने ज्या पानावर हात बसवायचा, त्या पानाला 'धूळपाटी' असेच नाव आहे. जेथे सर्वांनी मिळून विचारविनिमय करायचा, त्या पानाचे नाव 'चावडी'. नावे अशी घरची आहेत. तरीही नवा माणूस तेथे पाऊल टाकतो तेव्हा परक्या गावात आल्यासारखा बावरतो. तो का बावरतो आणि त्याने काय करावे, हे आज आपल्याला सांगायचे आहे.

विकिपीडिया हा संगणकावर आणि मोबाइलवर फुकट वाचता येणारा ज्ञानकोश. इंग्रजीत तो १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला, मराठीत २००३ मध्ये. त्याचे वैशिष्ट्य असे की, जो वाचतो त्यालाच त्यात लिहिता येते, दुसऱ्याचे लिहिलेले दुरुस्तही करता येते. लेखनाचा मोबदला कोणाला मिळत नाही. सगळा मामला हौसेचा.

आता समजा, आपण एका खेड्यातल्या शाळेत शिक्षक आहात. गावात एक जुनी बारव आहे, चैत्रात जत्रा भरते. आपल्या मनात येते की, हे सगळे जगापुढे यावे. एका रात्री जागून आपण लेख लिहिता. 'ही भव्य व प्रेक्षणीय बारव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांनी बांधली. येथील जत्रा पंचक्रोशीत सर्वांत मोठी असते. आमची शाळा तालुक्यात आदर्श आहे.' जत्रेची हकीकत एका छापील पुस्तकातून जशीच्या तशी उतरवून घेता. सकाळी उत्साहाने पाहता, तो काय! निम्मा मजकूर उडालेला, आणि उरलेल्यावर शेरा: 'संदर्भ द्या.'

आपला पारा चढतो. 'ज्या गावात माझा जन्म गेला, त्या गावाविषयी मला पुरावा मागणारा हा कोण?' आपण मजकूर पुन्हा चढवता, तो पुन्हा काढला जातो. दोन दिवस ही ओढाताण चालते. तिसऱ्या दिवशी आपण म्हणता, 'नको ती नसती उठाठेव,' आणि कायमचे बाहेर पडता. यात आपला अपमान झाला असेल किंवा नसेल. पण नुकसान मात्र त्या बारवेचे झाले. तिच्याविषयी लिहिणारा एकच माणूस होता, तो गेला.

म्हणून रागावण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारू या. वाचक ज्ञानकोशावर विश्वास ठेवतो तो कशाच्या बळावर? डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२०च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले. त्या खंडांच्या मागे केतकरांचे नाव आणि त्यांची विद्वत्ता उभी होती. वाईहून मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, तेव्हा त्यामागे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि त्या त्या विषयाचे जाणकार होते. विकिपीडियाच्या चालकांनीही आधी हाच मार्ग धरला होता. २००० साली त्यांनी 'न्यूपीडिया' नावाचा कोश काढला. त्यात तज्ज्ञांनी लिहायचे आणि प्रत्येक लेख सात पायऱ्यांतून तपासून घ्यायचा, अशी योजना होती. पहिल्या वर्षात जेमतेम वीसेक लेख पुरे झाले. मग दार सर्वांना उघडे केले आणि काम झपाट्याने वाढले.

पण दार उघडले की चोरही येतो. जॉन सायगेनथेलर या अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रात मे २००५ मध्ये कोणीतरी खोटेच घुसवून दिले की, केनेडी बंधूंच्या खुनात त्यांचा हात असल्याचा संशय होता. तो मजकूर चार महिने कोणाच्या लक्षात आला नाही. एका भल्या माणसाच्या नावावर चार महिने खुनाचा डाग!

तेव्हा लक्षात घ्या, येथे लिहिणारा कोण आहे हे वाचकाला दिसत नाही. आपण प्रामाणिक शिक्षक आहात की कोणी खोडसाळ पोर, हे त्याने कसे ओळखावे? जेथे लेखकाच्या नावाचा आधार नाही, तेथे त्याची जागा पुराव्याने घ्यावी लागते. विकिपीडियाचे बहुतेक नियम या एका वाक्यातून निघाले आहेत.

या दृष्टीने आपल्या लेखाकडे पुन्हा पाहू. 'भव्य', 'प्रेक्षणीय', 'आदर्श' हे शब्द गेले, कारण ती माहिती नव्हे, ती प्रशंसा आहे. बारव किती फूट खोल आहे, तिला किती पायऱ्या आहेत, हे छापील आधारासह सांगा; भव्य की नाही ते वाचक ठरवील. पुस्तकातला मजकूर गेला, कारण तो दुसऱ्याच्या मालकीचा. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा हक्क चालतो. माहिती घ्यावी, शब्द आपले असावेत. शाळेची स्तुती गेली, कारण आपण त्याच शाळेत नोकरीला आहात. वादी आणि न्यायाधीश एकच असून कसे चालेल? आणि अहिल्यादेवींचे नाव गेले, कारण त्याला दाखला नव्हता. त्यांनी देशभर घाट, विहिरी, देवळे बांधली हे खरे. म्हणूनच तर ज्या बारवेचा कर्ता ठाऊक नाही, ती त्यांच्या नावावर घालण्याचा मोह सहज होतो.

पुराव्याचा हा नियम मोठ्या माणसालाही सुटत नाही, बरं का! फिलिप रॉथ हे अमेरिकेतले नामवंत कादंबरीकार. त्यांच्या 'द ह्यूमन स्टेन' या कादंबरीतले मुख्य पात्र कोणावरून सुचले, याविषयी विकिपीडियावर चुकीचे लिहिले होते. त्यांनी दुरुस्ती सांगून पाठविली. उत्तर आले की, लेखकाचा आपल्या कृतीवरचा अधिकार मान्य, पण आम्हांला दुसरीकडचा छापील आधार हवा. रॉथ यांनी काय केले? सप्टेंबर २०१२ मध्ये 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाच्या संकेतस्थळावर त्यांनी अनावृत पत्र प्रसिद्ध केले. ते प्रसिद्ध होताच त्याचा दाखला देऊन विकिपीडियावर त्यांचे म्हणणे नोंदले गेले. ऐकायला हे हास्यास्पद वाटते खरे. पण यात नवागताला एक धडा आहे: जे उघडपणे प्रसिद्ध झाले आणि ज्याची कोणालाही शहानिशा करता येते, तेच कोशात टिकते.

येथे कोणी विचारील, 'न्यूयॉर्कर रॉथ यांचे पत्र छापील. आमच्या बारवेविषयी कोण छापणार?' हा प्रश्न रास्त आहे, आणि नियमाची खरी उणीव याच ठिकाणी आहे. ज्या समाजाचे ज्ञान पुस्तकात आहे त्याची पाने भरतात. ज्याचे ज्ञान म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे त्याची कोरी राहतात. ओवी गाणारी आजी, विहिरीचा झरा दाखविणारा पाणक्या, गुरांच्या औषधांचा जाणता धनगर, यांना कोठे छापील दाखला आहे? २०११ साली मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतील सेपेदी या भाषांत एक प्रयोग झाला. जाणत्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून तेच दाखला म्हणून वापरायचे. प्रयत्न चांगला होता, पण त्याचा सर्वमान्य नियम झाला नाही.

जुन्या संपादकांनाही येथे दोन शब्द सांगितले पाहिजेत. 'नवागताला चावू नका' आणि 'समोरच्याचा हेतू चांगला आहे असे धरून चाला' हेही विकिपीडियाचेच संकेत आहेत. पुरावा मागताना ते विसरले, तर माणूस दुखावून जातो. इंग्रजी विकिपीडियावर २००७ नंतर नियमित लिहिणाऱ्यांची संख्या घटत गेली. संशोधकांनी कारणे शोधली, तेव्हा नव्या लेखकांचे सद्हेतूने केलेले लेखनही तडकाफडकी पुसले जाणे, हे त्यांतले एक निघाले. पंतोजींनी अक्षर पुसावे, पण ते कसे काढायचे हेही दाखवावे.

मग नव्या माणसाने काय करावे? आरंभीच नवा लेख हाती घेऊ नये. आधी धूळपाटीवर हात बसवावा. मग असलेल्या लेखांतले शुद्धलेखन सुधारावे, एखादी तारीख आधार देऊन दुरुस्त करावी. मजकूर काढला गेला तर तो लगेच परत चढवू नये. त्या लेखाच्या चर्चापानावर शांतपणे कारण विचारावे. आपण लिहिलेले नाहीसे होत नाही, हेही ध्यानी ठेवावे. प्रत्येक पानाचा 'इतिहास' जपलेला असतो, आणि पुसलेला मजकूर बहुधा त्यात सापडतो. आपल्या गावाविषयी लिहायचे असेल तर जिल्ह्याचे गॅझेटियर आणि जनगणनेची जिल्हा पुस्तिका आधी चाळावी. जेवढे तेथे सापडेल तेवढेच लिहावे, मग ते चार ओळींचे का होईना.

आणि जे कोठेच सापडत नाही त्याचे काय? त्यासाठी इतिहासाचार्य राजवाड्यांची आठवण करावी. ते गावोगाव हिंडले, माळ्यावरची आणि पेटाऱ्यांतली दप्तरे त्यांनी मिळविली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापण्यास आरंभ केला. नुसत्या ऐकीव गोष्टींवर त्यांनी समाधान मानले नाही. घरोघरचे कागद त्यांनी छापात आणले, म्हणून आज ते दाखला म्हणून देता येतात. हे काम अजून संपलेले नाही. आपल्या बारवेवर शिलालेख असेल तर त्याचा ठसा घ्यावा, तो जाणकाराला दाखवावा. ऐंशी वर्षांच्या आजोबांना काय आठवते ते तारीख घालून लिहून घ्यावे. नीट तपासलेला लेख एखाद्या वृत्तपत्राकडे किंवा संशोधन मंडळाच्या नियतकालिकाकडे पाठवावा. एकदा तो प्रसिद्ध झाला की, पुढे कोणीही, कदाचित आपलाच एखादा विद्यार्थी, त्याच्या आधारे कोशात दोन ओळी लिहील, आणि त्या पुसण्याचे कारण कोणाला उरणार नाही.

तेव्हा गुरुजी, 'संदर्भ द्या' हा शेरा दिसला तर तो अपमान समजू नका. आपल्या गावाविषयी अजून कोणी लिहिले नाही, एवढेच तो सांगतो आहे. ते लिहिण्याची पाळी आपली आहे, आणि आजोबांचे वय ऐंशी आहे.