वनजिल्ह्यांतील व्यापारी जागा : मालकी, भाडे आणि लोकहित



व्यापारी जागेचा विषय निघाला की सामान्यतः मुंबई-पुण्यातील उंच कार्यालये आणि झगमगती दुकाने डोळ्यांपुढे येतात. त्या शहरांतील प्रश्न निराळे आहेत. २०२० च्या साथीनंतर घरून काम करण्याची पद्धत रुजली आणि कार्यालयांना किती जागा लागावी याचा हिशेब नव्याने मांडला गेला. घरपोच खरेदी वाढल्यामुळे दुकानांपेक्षा गोदामांना मागणी आली. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत मात्र प्रश्नाचे मूळ इमारतीत नाही, ते जमिनीच्या कागदात आहे. सडकेलगतच्या तुकड्यावर दुकान उभे राहण्यापूर्वी तो तुकडा कोणाचा, कोणत्या कायद्याखाली आणि कोणत्या अटीवर, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली पाहिजेत. ती न मिळविता केलेला व्यवहार आज फायद्याचा वाटला तरी उद्या विकत घेणारा आणि देणारा दोघांनाही अडचणीत आणतो.

जागा पुष्कळ, निर्वेध जागा थोडी

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून त्यापैकी दोन तृतीयांशांहून अधिक भाग वनाने व्यापलेला आहे. चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरचा कागद कारखाना, कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज केंद्र आणि राजुरा-कोरपना भागातील सिमेंट कारखाने यांमुळे व्यापारी वस्ती पूर्वीच वाढली. गडचिरोलीत हा ओघ अलीकडे आला. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे लोहखनिज, चामोर्शी तालुक्यातील कोनसरीचा पोलाद प्रकल्प आणि वडसा-गडचिरोली लोहमार्गाचे काम यांमुळे सडकेलगतच्या जागेकडे लोकांचे लक्ष वळले आहे. खनिजाची वाहतूक सुरू झाली की मालमोटारींना तळ लागतो, चालकांना खानावळ लागते, यंत्रांना दुरुस्तीचे दुकान लागते, कामगारांना भाड्याच्या खोल्या लागतात. ही मागणी स्वाभाविक आहे आणि ती गावाच्या उत्पन्नाचे साधनही होऊ शकते.

परंतु भोवतालची बहुतेक जमीन वनाची आहे. वन (संवर्धन) अधिनियम २५ ऑक्टोबर १९८० पासून लागू झाल्यापासून केंद्र शासनाच्या पूर्वमंजुरीखेरीज वनजमीन वनेतर कामाकडे वळविता येत नाही. उरलेल्या जमिनीत आदिवासी खातेदारांचा वाटा मोठा असून तिच्या हस्तांतरणावर कायद्याचे बंधन आहे. काही जमीन गावाच्या निस्ताराची आहे. या सर्वांतून जी निर्वेध जागा शिल्लक राहते ती थोडी असते, आणि जी वस्तू थोडी तिचा भाव चढा. हा चढा भाव कोणाच्या पदरात पडावा, गावाच्या की मधल्या दलालाच्या, हाच या विषयाचा गाभा आहे.

बाजाराची जागा कोणाची?

या भागातील सर्वांत जुनी व्यापारी जागा म्हणजे आठवडी बाजार. मीठ, कापड, लोखंडी अवजारे एका बाजूने यावीत आणि मोहफूल, डिंक, हिरडा दुसऱ्या बाजूने जावीत, असा हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. त्या काळी बाजाराची जागा मालगुजाराच्या किंवा जमीनदाराच्या ताब्यात असे. जुन्या मध्य प्रांताच्या मालकी हक्क निर्मूलनाच्या १९५० च्या कायद्यान्वये ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपुष्टात आली आणि वने, तलाव, गावठाणे यांच्याबरोबर हाट, बाजार व जत्रांच्या जागाही शासनाकडे आल्या. राजुरा परिसर त्या वेळी हैदराबाद राज्यात असल्याने तेथील अभिलेखांचा इतिहास वेगळा आहे, हे तेथील कागद पाहताना ध्यानात ठेवावे लागते.

पुढे अनुसूचित क्षेत्रांसाठी १९९६ चा पेसा कायदा झाला आणि महाराष्ट्राचे नियम २०१४ मध्ये आले. गावबाजाराचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार या कायद्याने ग्रामसभा आणि पंचायत यांना दिला. म्हणजे जी जागा एकेकाळी एका मालकाच्या मर्जीवर चाले, तिची व्यवस्था आता गावाने ठरवावयाची आहे. बाजाराचा ठेका कोणाला, वसुली किती, पाणी व सावलीची सोय काय, टोपलीभर भाजी घेऊन येणाऱ्या बाईकडून किती घ्यावे आणि टेम्पो भरून माल आणणाऱ्याकडून किती, हे प्रश्न ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर येणे अगत्याचे आहे. येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाची गोष्ट आहे. २०१५ च्या सुमारास अहेरी, एटापल्ली, धानोरा, चामोर्शी यांसारखी तालुक्याची गावे नगरपंचायती झाली. पेसा कायदा पंचायतींच्या भागाला लागू होतो, नगरांना नाही. त्यामुळे नगरात रूपांतर झालेल्या गावाने बाजाराच्या जागेचा अभिलेख हस्तांतराच्या वेळी काळजीपूर्वक तपासून घेणे आवश्यक ठरते.

झुडपी जंगलाचा निकाल

विदर्भाच्या महसुली अभिलेखांत झुडपी जंगल अशी एक नोंद आढळते. मूळ अर्थाने ही खुरटी झुडपे असलेली, गुरे चारण्याची व निस्ताराची जमीन. गावे वाढली तसतशी अशा जमिनीवर शाळा, दवाखाने, कार्यालये, घरे आणि दुकानेही उभी राहिली. ही जमीन वन आहे की नाही, हा वाद कित्येक वर्षे चालला. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, झुडपी जंगल हे वनच मानले जाईल. पूर्व विदर्भातील नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतील सुमारे ८६ हजार हेक्टर जमिनीशी हा निर्णय निगडित आहे.

१२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनींबाबत राज्य शासनाने केंद्राची मंजुरी घ्यावी, असा मार्ग न्यायालयाने दाखविला. त्या तारखेनंतरच्या वाटपाची मात्र कारणे तपासली जाणार असून ते करणाऱ्या अधिकाऱ्यांवर जबाबदारी येऊ शकते. या निर्णयाचा व्यापाऱ्यासाठी अर्थ स्पष्ट आहे. ज्या गाळ्याखालच्या जमिनीची नोंद झुडपी जंगल अशी आहे, तो गाळा विकत घेण्यापूर्वी अथवा त्यावर कर्ज काढण्यापूर्वी वाटपाचा मूळ आदेश आणि त्याची तारीख पाहिली पाहिजे. वीजजोडणी आहे, घरपट्टी भरली आहे, म्हणून मालकी सिद्ध होते असा समज सर्वत्र आढळतो. घरपट्टीची पावती ही कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे.

आदिवासी खातेदाराची जमीन

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ मध्ये १९७४ साली कलम ३६-अ घालण्यात आले. त्यानुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीकडे विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण किंवा भाडेपट्टा यांपैकी कोणत्याही मार्गाने परस्पर जाऊ शकत नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण यास जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. इतर सर्व हस्तांतरणांना त्या मंजुरीआधी राज्य शासनाची मान्यताही लागते. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेच्या संमतीचाही प्रश्न येतो. बिगरशेती परवानगीच्या अटी अलीकडे कित्येक ठिकाणी सुलभ करण्यात आल्या आहेत. तथापि, शेतजमिनीचा वापर बदलणे आणि तिचे हस्तांतरण करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वापर बदलण्याची मुभा मिळाल्याने कलम ३६-अ चे बंधन सुटत नाही.

हे बंधन का घातले गेले, याचे उत्तर इतिहासात आहे. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी आदिवासींना परत देण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला आणि तो १ नोव्हेंबर १९७५ पासून अमलात आला. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये त्याची वैधता मान्य केली. परंतु ज्या जमिनीचा ६ जुलै १९७४ पूर्वीच बिगरशेती वापर सुरू झाला होता, ती या तरतुदीने परत मिळू शकली नाही. म्हणजे जेथे दुकान किंवा घर उभे राहिले, तेथे परतीचा दरवाजा बंद झाला. सडकेलगतची जमीन सर्वांत आधी जाते आणि सर्वांत शेवटी परत येते, हा त्यातला धडा आहे.

आजही इसारपावती, साठेखत, मुखत्यारपत्र किंवा नातलगाच्या नावाने खरेदी अशा आडवाटा सुचविल्या जातात. मंजुरीविना झालेला असा व्यवहार अवैध ठरतो. त्यात घेणाऱ्याचा पैसा बुडतो आणि देणाऱ्याची वर्षे कोर्टकचेरीत जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी आदिवासी शेतकऱ्यांना जमीन खाजगी संस्थांना भाडेपट्ट्याने देता यावी असा विचार जाहीर केला आणि त्यावर उलटसुलट मते व्यक्त झाली. मार्ग कोणताही असो, भाडेपट्ट्याची मुदत, दरवर्षीची वाढ, मुदतीनंतर जमीन पूर्ववत करून देण्याची अट आणि करार खातेदाराच्या भाषेत वाचून दाखविल्याची नोंद या चार गोष्टी नसतील तर भाडेपट्टा आणि विक्री यांत फारसा फरक राहत नाही.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने आणखी वेगळी वाट दाखविली. २००९ मध्ये तेथील ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाले. २०१३ मध्ये गावाने १९६४ च्या ग्रामदान कायद्याचा आधार घेऊन आपल्या शेतजमिनीही ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचे ठरविले. प्रत्येक गावाने तेच करावे असे नाही. परंतु जमिनीविषयीचा निर्णय एकट्या गरजू खातेदारावर न सोडता गावाने मिळून घ्यावा, हे तत्त्व सर्वांच्या उपयोगाचे आहे.

पंचायतीचे गाळे

पंचायतींनी व नगरपंचायतींनी बांधलेले गाळे ही गावाची सामाईक मिळकत आहे. समजा, एखाद्या पंचायतीचे दहा गाळे दरमहा ५०० रुपयांनी जुन्या कराराने दिलेले आहेत. वर्षाचे उत्पन्न ६०,००० रुपये झाले. त्याच रस्त्यावरील खाजगी गाळ्याचे भाडे २,००० रुपये असेल, तर रास्त उत्पन्न २,४०,००० रुपये व्हावयास हवे होते. वर्षाला १,८०,००० रुपयांचा हा फरक गावाच्या पाणीपुरवठ्यात, अंगणवाडीत किंवा दिवाबत्तीत दिसला असता. कित्येकदा मूळ भाडेकरू स्वतः दुकान चालवीत नाही. तो दुसऱ्याला चढ्या भाड्याने देतो. तेव्हा फरक नाहीसा होत नाही, केवळ त्याचा मालक बदलतो.

यास्तव गाळ्यांचे वाटप जाहीर लिलावाने व्हावे, राखीव गाळे खऱ्या लाभार्थ्यांकडे व महिला बचत गटांकडे जावेत, अधिनियमाप्रमाणे वरिष्ठांची मंजुरी घ्यावी आणि करार नोंदणीकृत असावा. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदविणे बंधनकारक आहे. भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ लागू असलेल्या शहरांत तर भाड्याचा प्रत्येक करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. अकरा महिन्यांचा मुद्रांक कागद करून नोंदणी टाळण्याची प्रथा तेथे मालकाच्याच अंगाशी येते, कारण लेखी करार नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाऊ शकते.

प्रत्येकाचे कर्तव्य

ग्राम महसूल अधिकाऱ्याने, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याने, सातबाराच्या इतर हक्कांच्या रकान्यातील नोंदी अद्ययावत ठेवाव्यात. पंचायत सदस्यांनी बाजार, गाळे आणि सामाईक जागा यांची यादी दरवर्षी ग्रामसभेत वाचून दाखवावी. शिक्षकांचे साहाय्य येथे मोलाचे आहे. वरच्या वर्गातील मुलांना सातबारा वाचावयास शिकविला, भोगवटादार वर्ग एक व वर्ग दोन यांतला फरक समजावून दिला, तर सही करण्यापूर्वी कागद वाचून दाखविणारे कोणीतरी घरातच तयार होईल.

या दोन जिल्ह्यांत दुकाने वाढतील, गोदामे उभी राहतील, रस्ते रुंद होतील. व्यापाराला अटकाव करणे हा कोणत्याही कायद्याचा हेतू नाही. कागद स्वच्छ असेल तर उद्योजकालाही निर्धास्तपणे भांडवल घालता येते. मात्र विक्रीचा पैसा एकदाच हाती येतो आणि लवकर सरतो. जमीन राखून घेतलेले भाडे दरवर्षी येत राहते. ज्या गावाने हा हिशेब वेळीच मांडला, त्या गावाची सडकेलगतची जागा पुढल्या पिढीच्याही नावावर राहील.