हजार बदलांतली एक चूक

श्रोतेहो, संगणकाचा कार्यक्रम काल चालत होता आणि आज अडला, की पहिला संशय शेवटी हात लावणाऱ्यावर जातो. पण प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी ‘गिट’ नावाची एक वहीच आहे म्हणा ना! लिनस टॉरव्हल्ड्स यांनी ती २००५ साली तयार केली. तिच्यात ‘बायसेक्ट’ ही सोय आहे.

समजा, हजार बदलांपूर्वी काम बरोबर होतं. मग पाचशेवा बदल तपासायचा. तिथवर ठीक असेल तर दोष पुढच्या पाचशेंत. नसेल तर पहिल्या पाचशेंत. असं निम्मं निम्मं करीत दहाएक तपासण्यांत चुकीचा बदल हाती लागतो.

खरी मेख पुढंच आहे. मोठ्या वहीत कधी कधी धाकटी वही असते. तिला ‘सबमॉड्यूल’ म्हणतात. मोठी वही तिचा मजकूर ठेवीत नाही. ‘तिची अमुक नोंद घ्यावी’ एवढी खूण ठेवते. मोठी वही मागं नेली, तरी धाकटी सहसा आपोआप मागं जात नाही. म्हणून प्रत्येक तपासणीपूर्वी ‘सबमॉड्यूल अपडेट’ ही आज्ञा द्यावी. नाहीतर जुन्या कामाला नवा भाग जोडला जातो आणि निरपराध बदल दोषी ठरतो, बरं का!

आणि सापडलेला बदल नुसती खूण सरकवणारा निघाला तर? तर तिथं थांबू नये. जुनी खूण चांगली, नवी वाईट धरून धाकट्या वहीत तोच शोध पुन्हा करावा.

गणित चुकलं तर शिक्षक पोराला रागावण्याआधी पायऱ्या तपासतो. इथंही तसंच: दोष कुठं, हे आधी; कुणाचा, हे मागाहून.