गोदेच्या वाटेवरील पक्षितीर्थे



भर वैशाखात पक्ष्यांवर व्याख्यान ठेवणे म्हणजे पाहुणे गेल्यावर पंगतीची पाने मांडण्यासारखे आहे. ज्यांच्याविषयी बोलावयाचे त्यांपैकी निम्मी मंडळी मार्च-एप्रिलातच हिमालय ओलांडून आपापल्या मुलखाला गेली. तरीही संयोजकांचे निमंत्रण आम्ही आनंदाने स्वीकारले. हिवाळ्यात पाणथळीच्या काठी आम्ही बोलू लागलो की ऐकणारे उडून जातात. येथे ती भीती नाही. येथे फार तर एखादा श्रोता उठून जाईल, आणि तोही हळूच.

विषय दिला आहे तो सरळ आहे : आपल्या गोदाकाठच्या मुलखात पक्षी पाहावयाचे तर कोठे जावे? गावांची यादी वाचून दाखविली तर दहा मिनिटांत आमचे काम संपेल. परंतु एक गोष्ट आरंभीच सांगून टाकतो. आमच्या यादीतली काही ठिकाणे आम्ही आज मुद्दाम सांगणार नाही. त्याचे कारण व्याख्यानाच्या शेवटी सांगू; ते आमच्याच एका चुकीचे आहे.

प्रथम मुलूख डोळ्यांसमोर आणू. पश्चिमेला सह्याद्रीची भिंत : त्र्यंबकचा ब्रह्मगिरी, अंजनेरी, पुढे कळसूबाईची रांग, रतनगड, हरिश्चंद्रगड. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. महाराष्ट्रात याहून उंच शिखर नाही. या भिंतीवर पाऊस अक्षरशः कोसळतो. घाटघर-रतनवाडीकडे तो वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पडतो, आणि तेथून काही कोसांवर सिन्नर-येवल्याच्या माळावर पाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तरी शेतकरी देवाला नारळ फोडतो. डोंगराने अडविलेले ते पाणी गोदावरी, दारणा, कादवा, प्रवरा यांच्या रूपाने पूर्वेच्या कोरड्या मुलखात उतरते, आणि जेथे माणसाने त्याला बांध घातला तेथे पाणथळ झाली. डोंगरातले पक्षी आणि पाण्यावरचे पक्षी हे दोन वेगळे विषय आहेत असे पुष्कळांना वाटते. आम्हांस मात्र ते एकाच पाण्याच्या वाटेवरचे मुक्काम वाटतात.

आजच येथून निघावयाचे असेल तर डोंगराकडे निघा. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. त्याच्या जलाशयाला वळसा घालून रतनवाडीच्या बाजूला गेलात की करवंदीच्या जाळ्या, जांभूळ, हिरडा यांचे रान लागते. आज ना उद्या तुम्हांला तेथे स्वर्गीय नर्तक दिसेल. पांढरा शुभ्र नर, डोके काळे कुळकुळीत, आणि शेपटीची दोन पिसे फितीसारखी लांब. हळद्या, तांबट, कोतवाल हे तर हजेरीपटावरचे नेहमीचे. पहिले ढग कड्यावर टेकले की ओढ्याच्या काठी शीळकरी कस्तूर गाऊ लागतो. एखाद्या गुराख्याच्या पोराने एकटेपणात सूर नसलेली लांबलचक शीळ घालावी, तसे ते गाणे. आम्ही पहिल्यांदा ऐकले तेव्हा खरोखरच पोराला हाका मारीत ओढ्यापर्यंत उतरलो होतो.

हा सारा प्रदेश कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. ते १९८६ साली जाहीर झाले. येथे मे-जूनच्या रात्री काजवे पाहण्यासाठी शहरांतून माणसे लोटतात. काजवा अंधारात दिसतो. मोटारींच्या दिव्यांच्या रांगा लावून आपण तो पाहावयास जातो, हा विनोद आमच्या लेखणीला सुचला नसता. तो आपण सर्वांनी मिळून रचला आहे.

डोंगरात मान वर करून पाहावयाचा पक्षी म्हणजे गिधाड. अंजनेरीच्या कड्यांच्या कपारीत लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. कड्यावर पांढरे ओघळ दिसले की वर बिऱ्हाड आहे असे समजावे. ज्यांचे वय आज पन्नाशीच्या पुढे आहे, त्यांनी गावाबाहेर मेलेल्या बैलावर शेपन्नास गिधाडे उतरलेली पाहिली असतील. त्यांच्या मुलांनी ती पाहिली नाहीत. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ या काळात इतकी घटली की हजारांत एक उरले. शिकाऱ्याने मारली नाहीत, दुष्काळाने मेली नाहीत. दुखणाईत जनावराला वेदना कमी व्हाव्यात म्हणून डायक्लोफेनॅक नावाचे औषध टोचीत असत. ते जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत. हे कारण २००४ साली उजेडात आले, आणि २००६ साली आपल्या देशात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. ज्याने बैलाची कळ थांबावी म्हणून औषध दिले तो दुष्ट नव्हता, दयाळू होता. कड्यावरच्या पक्ष्याचे मरण खाली गोठ्यात ठरत होते आणि कोणाला पत्ता नव्हता. हरसूलच्या बाजूला वनखाते आणि गावकरी यांनी मिळून गिधाडांसाठी औषधमुक्त मेलेली जनावरे ठेवण्याची जागा केली, ती या जाणिवेतून. एकेकाळी सारा गावशिवार गिधाडांचे पान होते. आता त्यांच्यासाठी खानावळ काढावी लागते.

ज्यांना लांब जाणे होत नाही त्यांनी नाशिकजवळच्या बोरगडावर जावे. २००८ साली या डोंगराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. पेरणीच्या सुमारास तेथे गेलात तर पावशा ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणून शेतकऱ्याला हाकारताना ऐकू येईल. त्याला पंचांग लागत नाही.

आता डोंगरावरून उतरून गोदेच्या पाण्याबरोबर चालू लागू. नाशिकपासून चाळीसेक किलोमीटरांवर, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वरचा दगडी बंधारा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी, दुष्काळी भागाला पाटाचे पाणी मिळावे म्हणून तो बांधला. बांधणाऱ्यांच्या मनात पक्षी नव्हते, ऊस आणि ज्वारी होती. पण दारणा आणि गोदावरी दर पावसाळ्यात डोंगराची माती घेऊन आल्या. ती बंधाऱ्यामागे बसत गेली, गाळाची बेटे झाली, उथळ डबकी झाली, त्यांत लव्हाळे आणि पाणवनस्पती माजल्या. इंजिनिअरच्या वहीत जो तोटा म्हणून लिहिला गेला, तो पक्ष्यांच्या खाती जमा झाला. १९८६ साली हे अभयारण्य झाले. इराणातील रामसर या गावी १९७१ साली पाणथळींच्या रक्षणासाठी राष्ट्राराष्ट्रांत जो करार झाला, त्याच्या यादीत महाराष्ट्रातील पहिले नाव नांदूरमध्यमेश्वरचे लागले. ही बातमी जानेवारी २०२० मध्ये आली. २६५ जातींच्या पक्ष्यांची येथे नोंद आहे.

येथे यावयाचे ते डिसेंबर-जानेवारीत, आणि तेही पहाटे. चापडगाव किंवा खानगाव थडीच्या बाजूने काठाशी जाऊन मनोऱ्यावर बसावे. धुके विरळ होऊ लागले की प्रथम आवाज येतात. मग पाण्यावर काळे ठिपके दिसतात, ते वारकरी पक्षी. त्यांच्या कपाळावर पांढरा टिळा असतो, आणि दिंडीसारखे ते घोळक्याने चालतात. नाव ठेवणाऱ्याने डोळे उघडे ठेवून ठेवले आहे. थापट्या आणि तलवार बदके दूरच्या उत्तरेकडून आलेली. नारिंगी-तपकिरी चक्रवाकाची जोडी काठावर उभी असते. कवींनी तिला रात्री विरहात ठेवले. आम्ही मात्र ती सकाळी एकत्रच पाहिली. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस दिसला तर टोपी काढावी, कारण तो हिमालयावरून उडत आला आहे. लव्हाळ्यांत जांभळी पाणकोंबडी लाल चोचीने कोंब सोलीत असते. उथळ पाण्यात चित्रबलाक आणि शेकाटे पाय भिजवीत उभे असतात. आणि एकदम सारे पाणी फडफडून उठते. तेव्हा वर पाहावे. दलदलीवरचा भोवत्या घिरट्या घालीत असतो.

हे पक्षी जातात कोठे आणि येतात कोठून, हे केवळ तर्काने सांगत नाहीत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ साली डॉ. सालिम अली यांच्या पुढाकाराने पक्ष्यांच्या पायांत कडी अडकविण्याचा मोठा उद्योग सुरू केला. कड्यावर नंबर असतो. तो पक्षी हजारो किलोमीटरांवर दुसऱ्या कोणाला सापडला की वाटेचा एक धागा हाती येतो. अशा धाग्यांनी निफाडचा गहू आणि सैबेरियाचे गवत एकमेकांना बांधले गेले आहे.

आपण शहरवाले त्यांना पाहुणे म्हणतो. एकदा काठावरच्या एका शेतकऱ्याजवळ आम्ही हा शब्द वापरला. तो रात्रभर शेतात जागून आला होता. तो म्हणाला, “मास्तर, पाव्हणे तुमचे खरे, पण पंगत आमच्या हरभऱ्यात बसती.” कांड्या करकोच्यांचा थवा त्याच्या रानात उतरला होता. आम्ही ओशाळलो. पुढे तो म्हणाला, “डबा आम्ही वाजवतो. पण फासे लावायला कुणी आला, तर त्याला गावात उभं करीत नाही.” अभयारण्य कायद्याने होते हे खरे, पण ते टिकते ते अशा माणसाच्या या दोन वाक्यांच्या बळावर. त्याच्या हरभऱ्याची भरपाई करावी, असे मात्र आपल्यापैकी कोणाच्या मनात सहसा येत नाही.

ज्या गाळाने ही पाणथळ घडविली तोच गाळ तिला आता बुजवीत आहे. शहराचे सांडपाणी नदीत उतरते, त्यावर पानवेली पोसतात आणि पाण्याला झाकून टाकतात. पाटाची आवर्तने सुटतात तसे पाणी एकदम चढते-उतरते, आणि चढत्या पाण्यात काठची घरटी बुडतात. पाणी सोडू नये असे आम्ही म्हणत नाही. खालच्या शेतकऱ्याचे घर त्यावर चालते. पण आज आपण ज्या नदीच्या नावाने हात जोडतो, तिच्यात आपल्या मोरीतून काय जाते, हे चापडगावच्या बदकाला आपल्याआधी कळते.

गोदा तशीच पुढे जाते. रतनगडावर उगम पावलेली प्रवरा भंडारदऱ्याहून अकोले, संगमनेर करीत प्रवरासंगमाला तिला मिळते, आणि दोघी पैठणच्या नाथसागरात शिरतात. त्या धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बसली आणि १९७६ साली ते पुरे झाले. हा जलाशय विस्ताराने अफाट आणि पुष्कळ ठिकाणी उथळ आहे. हिवाळा सरता सरता पाणी मागे हटते, गाळ उघडा पडतो, त्यावर शेतकरी गाळपेर करतात, आणि त्याच चिखलात बगळे, शराटी, चिखले आणि कधी रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. दुष्काळी वर्षांत वरच्या धरणांतून खाली किती पाणी सोडावे यावर मोठे वाद होतात. त्या हिशेबात नाशिकचा वाटा असतो, नगरचा असतो, मराठवाड्याचा असतो. रोहितांचा वाटा मांडणारा वकील अजून कोणी उभा राहिलेला नाही.

आता आमच्या चुकीकडे येतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका सभेत, अशाच उत्साहात, आम्ही एका ओढ्याचे नाव सांगितले. त्याच्या दरडीत शृंगी घुबडाची जोडी होती. घुबड घरटे बांधीत नाही. कपारीतल्या उघड्या मातीवरच अंडी घालते. श्रोते सज्जन होते, आपल्यासारखेच. पुढच्या रविवारी वीस जण गेले, त्याच्या पुढच्या रविवारी त्यांचे स्नेही गेले. कोणी दगड मारला नाही, कोणी अंड्याला हात लावला नाही. सर्वांनी फक्त जवळून पाहिले आणि छायाचित्रे घेतली. तिसऱ्या आठवड्यात आम्ही गेलो तेव्हा कपारीत दोन थंड अंडी होती आणि घुबडे नव्हती. तेथे गुरे चारणारा एक म्हातारा बसला होता. आम्ही विचारले, “बाबा, तुम्हांला हे घरटे ठाऊक होते?” तो म्हणाला, “लई वर्सांपासून. म्हणून तर कुणाला बोललो नव्हतो.”

घुबडाला अपशकुनी मानणाऱ्या मुलखात त्या म्हाताऱ्याने ते जपले होते. त्याला शास्त्रीय नाव ठाऊक नसेल. जपणे ठाऊक होते. आम्हांला शास्त्रीय नाव ठाऊक होते.

म्हणून आज आम्ही जी गावे सांगितली ती रुळलेली, जेथे राखण आहे आणि पक्ष्यांना माणसांची थोडी सवय आहे अशी आहेत. घरट्यांचे पत्ते सांगितले नाहीत, आणि व्याख्यान संपल्यावर खासगीत विचारलेत तरी सांगणार नाही. नियम थोडे आहेत. दुर्बीण घ्या, म्हणजे जवळ जाण्याची गरज उरत नाही. भडक कपडे आणि गाणी घरी ठेवा. पक्षी मान उंच करून तुमच्याकडे पाहू लागला की तेथेच थांबा. आणखी एक पाऊल टाकले तर तो उडेल, आणि हिवाळ्यात त्याने जमवलेली पुढच्या प्रवासाची शिदोरी त्या उडण्यात खर्च होईल. गावातल्या वाटाड्याला बरोबर घ्या आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. आणि घरटे दिसले तर मागे फिरा, व घरी आल्यावर गप्प राहा.

आपल्या वाडवडिलांनी या नदीच्या काठी तीर्थे नेमली तेव्हा तेथे कसे वागावे हेही सांगितले होते. पक्षितीर्थांचे माहात्म्य अजून लिहावयाचे आहे. पण तेथल्या आचाराचा पहिला नियम त्या ओढ्याकाठच्या म्हाताऱ्याने आम्हांला शिकविला.

ऑक्टोबरात पाहुणे परत येतील. तोवर त्यांची जागा आपण झाडून-पुसून ठेवावी.