उकाड्यावरील उपायांची पारख



वसंतातल्या सभेत वसंताचे कौतुक करावे अशी रीत आहे. पण शिरूर-दौंडकडचा वसंत होळीनंतर फार दिवस टिकत नाही, म्हणून आम्ही आज उकाड्याविषयीच बोलणार आहोत.

या कोरड्या पट्ट्यातील जुनी घरे धाब्याची. जाड भिंती आणि डोक्यावर मातीचा थर. दुपारचे ऊन आत पोचेपर्यंत सांज होई. दरसाल माती घालण्याचा त्रास कोणाला नको झाला, तर त्याला दोष देता येत नाही. पण आता रांजणगाव, कुरकुंभच्या कारखान्यांत राबणारी पुष्कळ माणसे पत्र्याच्या खोल्यांत राहतात. पत्रा सकाळीच तापतो, आणि रात्रपाळी करून आलेला माणूस नेमका दिवसा त्याच्याखाली झोपतो.

उपाय सांगणारे पुष्कळ आहेत, पारखणारे थोडे. पंख्याचेच घ्या. पंखा हवा थंड करीत नाही. तो घाम वाळवतो. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी 2019 साली हे माणसांवर पडताळून पाहिले. 40 अंशांच्या दमट हवेत पंख्याने आराम पडला. 47 अंशांच्या अगदी कोरड्या हवेत उलट शरीराचा ताप वाढला. आपल्या गावी पारा 47 वर जात नाही, असे कोणी म्हणेल. पत्र्याखाली तो किती चढतो, हे कोणी मोजले आहे?

वाळ्याच्या ताट्यांचेही तसेच. त्या कोरड्या हवेत उत्तम. म्हणून दौंडला कूलर जे काम देतो ते अलिबागेत देत नाही. मात्र त्याला पाणी लागते, आणि वैशाखात टँकरची वाट पाहणाऱ्या घराला तो सल्ला देणे ही थट्टाच होय.

अहमदाबादेने 2010 च्या मे महिन्यातील उष्म्यात फार माणसे गमावली. त्या शहराने 2013 मध्ये उष्म्याशी लढण्याची योजना आखली. 2017 मध्ये गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्यास आरंभ केला. पुढे तेथे खरी परीक्षा सुरू झाली: काही घरांच्या छपरांना ऊन परतवणारा रंग द्यायचा, काही तशीच ठेवायची, आणि घरातील उष्णतेबरोबर माणसांची प्रकृतीही तपासायची. आम्हाला मोलाची वाटते ती ही तशीच ठेवलेली घरे; त्यांच्यावाचून रंगाने काय साधले हे कळणार कसे?

हे आपल्याकडे लहान प्रमाणात सहज होईल. शेजारशेजारच्या दोन सारख्या खोल्या निवडा. एकीच्या पत्र्यावर चुना फासा. मालकाची परवानगी तेवढी आधी घ्या, कारण छप्पर त्याचे असते. खाटेच्या उंचीवर, भिंतीपासून दूर, उष्णतामापक टांगा. दुपारी तीन वाजता आणि मध्यरात्री आकडा टिपा. दारे-खिडक्या दोन्हीकडे सारख्याच उघड्या असू द्या, नाहीतर वाऱ्याचे श्रेय चुन्याला जाईल. पहिल्या वळवाने चुना धुऊन जाण्याचा संभव आहे. तोपर्यंतची टिपणे नगरपरिषदेपुढे ठेवता येतील.