जुना कॅमकॉर्डर घेताना



ताईचं लग्न, धाकट्याची मुंज, सगळं मिनी-डीव्ही कॅसेटवर आहे. पण ती चालवायला घरात कॅमेरा नाही. मग माणूस मुंबईचा लॅमिंग्टन रोड नाहीतर पुण्याचा जुना बाजार गाठतो. तिथे दुकानदार झूम दाखवतो, लेन्स चकचकीत पुसून देतो. त्याला भुलू नका. आपल्याला शूटिंग करायचंच नाही, कॅसेट वाचून घ्यायची आहे. लेन्सवर ओरखडा असेल तर उलट भाव पाडून मागा.

आधी घरची कॅसेट बघा. ती हाय-एट असेल तर मिनी-डीव्ही कॅमेऱ्यात बसणारच नाही. तिच्यासाठी १९९९ साली आलेल्या डिजिटल-एट जातीचा कॅमेरा बघा. त्यातलेही काहीच कॅमेरे जुनी हाय-एट वाचतात, तेव्हा मॉडेल विचारूनच घ्या.

जाताना एक टाकाऊ कॅसेट खिशात असू द्या. कॅमेऱ्याने पट्टी खाल्ली, तरी जीव हळहळायला नको. कॅसेट आत सरकताना कान द्या. घरघर झाली, कॅसेट अडकली, तर पुढचं दुकान बघा. चित्रात बारीक चौकोन फुटत असतील, तर पट्टी वाचणारं हेड मळलंय किंवा झिजलंय. मळलेलं हेड क्लीनिंग कॅसेटने सुधारतं, झिजलेलं नाही. घरच्या कॅसेटच्या पट्टीवर पांढरी बुरशी दिसली, तर ती कॅमेऱ्यात मुळीच घालू नका. हेडलाही ती लागते.

आता कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायचं सॉकेट. ‘डीव्ही’ किंवा सोनीच्या कॅमेऱ्यावर ‘आय-लिंक’ लिहिलेलं छोटं तोंड शोधा. हेच फायरवायर. शेजारचं यूएसबी बऱ्याच मॉडेलांत फोटोंपुरतंच असतं. कॉम्प्युटरलाही फायरवायर हवं. डेस्कटॉप असेल तर कार्ड बसवता येतं. फायरवायरला यूएसबीचं टोक लावलेली स्वस्त वायर घेऊ नका, तिने काम होत नाही. चार्जर मात्र आठवणीने मागून घ्या.

तासाची कॅसेट उतरायला तासच लागतो आणि डिस्कवर सुमारे १३ जीबी जागा जाते. उतरलेली फाइल शेवटपर्यंत बघा, दुसऱ्या डिस्कवर प्रत ठेवा, मगच कॅमेरा विकायचं मनात आणा. त्याआधी भावंडांना, शेजाऱ्यांना विचारा. चालू कॅमेरे आता कमीच होत जाणार; हातात आहे तोवर त्यांच्याही कॅसेटी उरकून टाका.