तान्ह्या मुलाच्या कुशीतील गाठ

तान्ह्या मुलाला पायांवर घेऊन, तेल लावून न्हाऊ घालण्याची रीत मराठी घरांतून अद्याप मोडलेली नाही. या रीतीमुळे बाळाच्या अंगावरून रोज कोणाचा तरी जाणता हात फिरतो, आणि पोटातील गाठीचा पहिला सुगावा पुष्कळदा डॉक्टरांना नव्हे, तर त्या हाताला लागतो. बरगड्यांखाली, एका कुशीला, काही तरी घट्ट लागते. कालपर्यंत पोट मोठे दिसले की मुलाने बाळसे धरले असे घरात म्हटले जात असते. ते बाळसे नव्हे, हे त्या दिवशी प्रथम ध्यानात येते.

लहान मुलांच्या मूत्रपिंडात होणाऱ्या कर्करोगांपैकी फार मोठा वाटा एकाच अर्बुदाचा असतो. मॅक्स विल्म्स या जर्मन शल्यविशारदाने १८९९ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला, म्हणून ते विल्म्सचे अर्बुद. गर्भावस्थेत मूत्रपिंड घडविणाऱ्या काही पेशी आपले काम संपल्यावरही निवृत्त होत नाहीत आणि पुढे त्यांतून ही गाठ वाढते. मूल बहुधा तीनचार वर्षांचे, खेळते, हसते असते. गाठ मोठी, पण मुलाला तिची दादही नसते. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांना १९५० नंतरच्या दशकात बोस्टन येथे सिडनी फार्बर यांनी ॲक्टिनोमायसिन या औषधाची जोड दिली आणि या रोगाचे भवितव्यच पालटले. जेथे उपचारांची नीट सोय आहे, तेथे आज दहांतील सुमारे नऊ मुले बरी होतात. कर्करोगाच्या इतिहासात असे यश फार थोड्या ठिकाणी आढळते.

पण या यशाच्या पोटात एक कोडे दडलेले होते. १९६९ मध्ये अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी एकत्र येऊन विल्म्सच्या अर्बुदाचा संयुक्त अभ्यास आरंभिला. त्यातील गाठींचे काप ब्रूस बेकविथ या विकृतिशास्त्रज्ञांकडे जमा होत. त्यांनी आणि पामर यांनी १९७८ मध्ये जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो मोठा विलक्षण होता. शंभरांतील अवघ्या अकराबारा गाठींची घडण सूक्ष्मदर्शकाखाली वेगळी, अशुभ दिसत होती. परंतु एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे याच मुलांचे होते. नाव एक, औषध एक, आणि तरी एवढी तफावत! एकाच नावाच्या पांघरुणाखाली निरनिराळे रोग निजलेले आहेत, हे त्यावरून उघड झाले.

त्यांतील सर्वांत उग्र रोग तो रॅब्डॉइड अर्बुद. त्याच्या पेशी मोठ्या. पेशीकेंद्र एका कडेला ढकललेले. केंद्राच्या आत ठळक, डोळ्यासारखा ठिपका. आणि उरलेल्या जागेत गुलाबी रंग घेणारा एक गोळा. पेशींचे हे रूप रेखित स्नायूंच्या बालपेशींची आठवण करून देणारे, म्हणून प्रथम हा विल्म्सच्याच अर्बुदाचा स्नायूसदृश प्रकार मानला गेला. पुढे बारकाईने शोध घेता स्नायूचा मागमूसही सापडला नाही, आणि १९८१ पासून हा स्वतंत्र रोग म्हणून ओळखला जाऊ लागला. ‘रॅब्डॉइड’ म्हणजे रेखित स्नायूसारखा दिसणारा. चूक दुरुस्त झाली तरी ती नावात तशीच राहिली. वैद्यकाच्या कोशात अशी नावे थोडी नाहीत.

मग हा रोग उपजतो कोठून? याच पेशी मेंदूतील व शरीरातील इतर मऊ ऊतींतील काही गाठींतही दिसत होत्या. या सर्वांना जोडणारा धागा १९९८ मध्ये फ्रान्समधील संशोधकांच्या हाती लागला. बाविसाव्या गुणसूत्रावर एक जनुक असते; त्यापासून होणाऱ्या प्रथिनाला आयएनआय-१ असे म्हणतात. पेशीकेंद्रातील आनुवंशिक सूत्र रिळावर गुंडाळलेल्या दोऱ्यासारखे घट्ट असते. त्यातील हवा तेवढाच भाग हव्या त्या वेळी सैल करणारी एक यंत्रणा असते, आणि हे प्रथिन त्या यंत्रणेचा एक भाग आहे. जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या की पेशी प्रौढ होण्याची वाटच विसरते. मोठ्या माणसांच्या कर्करोगात जनुकांचे शेकडो बिघाड सापडतात. या बालरोगात मात्र बहुधा हा एवढाच ठळक बिघाड आढळतो, आणि तेवढ्याने सारा अनर्थ ओढवतो.

निदानाची किल्लीही येथेच मिळाली. गाठीच्या पातळ कापावर या प्रथिनाला चिकटणारे प्रतिद्रव्य सोडले की, ज्या केंद्रांत प्रथिन आहे ती तपकिरी होतात. रॅब्डॉइड अर्बुदात पेशींमागून पेशी निळसर, कोऱ्या राहतात. मात्र त्यांच्यामधून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांची केंद्रे स्वच्छ तपकिरी उमटतात. ही तपकिरी केंद्रे फार मोलाची. रंग नीट चढला होता, आणि गाठीतील कोरेपणा हा हातचुकीचा नव्हे, याची साक्ष रुग्णाच्याच निरोगी पेशी देतात. एरवी रोग ओळखायचा तो काही तरी सापडल्यावरून. येथे तो ओळखला जातो काही तरी नसल्यावरून.

रुग्णशय्येजवळ गोष्ट इतकी सरळ नसते. हा रोग बहुधा दोन वर्षांच्या आतील, त्यातही पुष्कळदा वर्ष न भरलेल्या मुलांना गाठतो. लघवीतून रक्त, ताप, किरकिर, कधी रक्तातील कॅल्शियमची वाढ, अशी त्याची लक्षणे. पण जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मूत्रपिंडाची आणखी एक गाठ होते. १९६७ मध्ये बोलांड यांनी वर्णन केलेली ही गाठ बहुतेक वेळा शस्त्रक्रियेनेच बरी होते, आणि कॅल्शियम तीतही वाढू शकते. पाळण्यातल्या त्याच वयात सर्वांत सौम्य आणि सर्वांत क्रूर अशा दोन्ही गाठी संभवतात. ध्वनिलहरींची वा सीटी स्कॅनची चित्रे गाठ किती पसरली, फुप्फुसांत गेली काय, हे सांगतात. ती कोणती, हे खात्रीने सांगत नाहीत. युरोपात शस्त्रक्रियेपूर्वी काही आठवडे औषध देण्याचा प्रघात आहे, पण सहा महिन्यांच्या आतील बालकांत साधारणतः शस्त्रक्रियाच आधी करतात, ती याच संशयापोटी. गाठ पुन्हापुन्हा दाबून पाहणे सर्वथा टाळावे, कारण ती पोटातल्या पोटात फुटली तर रोग पसरतो. आणि रॅब्डॉइड ठरताच मेंदूचेही चित्र घ्यावे लागते. काही मुलांत तेथे दुसरी, स्वतंत्र गाठ असते.

भवितव्य? चौघांतील जेमतेम एक मूल वाचते, असे आजवरच्या मोठ्या अभ्यासांचे सांगणे आहे. रोग मूत्रपिंडापुरताच असेल तर आशा अधिक, आणि मूल जितके लहान तितकी ती कमी. हे आईबापांना सांगणे कोणत्याही डॉक्टरांना सोपे जात नाही. परंतु निदान स्पष्ट झाल्यावाचून तीव्र औषधयोजनेचा निर्णय घेता येत नाही, आणि विल्म्सचे सौम्य औषध देत बसण्यात मोलाचे आठवडे निघून जातात.

अशा वेळी आई बहुधा एकच प्रश्न विचारते : गरोदरपणी माझे काही चुकले काय? तिच्या आहाराचा, कष्टांचा वा चिंतेचा या रोगाशी संबंध असल्याचे कोठेही आढळलेले नाही. मात्र अशा मुलांपैकी साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यात हा जनुकदोष शरीरातील सर्वच पेशींत जन्मापासून असतो. म्हणून मुलाच्या रक्ताची तपासणी करतात, आणि दोष त्यात आढळला तर आईबापांच्याही. पुष्कळदा आईबापांचे रक्त निर्दोष निघते. दोष त्या मुलापासूनच सुरू झालेला असतो. तो आईबापांपैकी एकात सापडला, तर पाठच्या भावंडाचे रक्तही तपासले जाते, आणि त्यातही तो असेल तर त्या भावंडाच्या मेंदूची व पोटाची चित्रे काही वर्षे ठराविक मुदतीने काढली जातात.